महाराजांचा रिकामा अंगरखा

महाराजांचं डोकं मंगळवारी उडवलं आणि बुधवारी सकाळी दहाला त्यांचा अंगरखा एकटाच कचेरीत आला. आत कोणी नव्हतं. तो गादीवर बसला. काल चौकात जुलमाच्या नावाने घसा फोडणारे पस्तीस क्रांतिवीर लगबगीने वहाणा काढून उभे राहिले. मला किळस आली. उभा मात्र मीही राहिलो.

अंगरखा मीच शिवला होता. मी शिवणीत नेहमी चार बोटं कापड जास्तीचं सोडतो. आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. अंग सुटलं तर उसवून सैल करता येतं.

क्रांती समितीने ठराव केला की रिकामा अंगरखा बरा दिसत नाही, तूर्त कोणीतरी आत बसावं. माझा धाकटा भाऊ त्र्यंबक पुढे झाला. दोन वर्षं तुरुंगात काढून त्याची नुसती हाडं उरली होती.

"आठच दिवस, दादा. मग जाळून टाकू."

"आत्ताच जाळ की."

"लोकांना सवय आहे. हळूहळू घेऊ."

आठ दिवसांत अंगरखा तटतटला. मी दोन बोटं सैल केला. कापड भरत होतं आणि त्र्यंबक कमी होत होता. आधी पंजे दिसेनासे झाले, मग मान, मग हनुवटी. पस्तीस शहाणे म्हणाले, साहेबांची तब्येत सुधारली. मी आणखी एक बोट सोडलं.

महिन्याभराने अंगरख्याच्या गळ्यातून फक्त त्याचे डोळे दिसत होते.

"ए शिंप्या, अजून सैल कर."

"त्र्यंबक, मी आहे."

"माया उरलीय का?"

"एक बोट."

"सोड."

माझ्या हातात कात्री होती. पाठीवरून एक उभा काप दिला असता तर माझा भाऊ बाहेर आला असता. हे मला कळत होतं. पण चाळीस वर्षांत मी शिवलेल्या कापडावर कात्री चालवलेली नाही, आणि भरजरी पाठ इतकी सुरेख बसली होती. थू माझ्या कारागिरीवर! मी टाके उसवले.

डोळे आत गेले. मी गळ्यातून खांद्यापर्यंत हात घातला. आत कोमट अस्तर होतं, बाकी काही नाही.

"रिकामा बरा दिसत नाही," समितीचे अध्यक्ष वहाणा छातीशी धरून म्हणाले.

अंगरख्याच्या बाहीने माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली आणि माझ्या छातीभोवती फिरवली. मी सवयीने हात आडवे केले. माप नेमकं यावं म्हणून श्वासही सोडला.