रिकाम्या हंड्याचा आवाज

"अण्णा, ह्यात हाय काय? नुसती चलाखी!" हनुमंतानं मोबाईल टेबलावर आपटायचाच बाकी ठेवला.

मिरजगावात तीस वर्षं कुणीही निवडणुकीला उभं राहो, रिक्षावरच्या भोंग्यातून आवाज यायचा तो हनुमंताचाच. आणि आता पंचायत समितीला उभे असलेले रंगनाथअण्णा त्यालाच नगरच्या कुण्या प्रज्ञाच्या आवाजातली प्रचाराची जाहिरात ऐकवत होते! कालची पोर घरात बसून बोलते काय, अण्णा माना डोलवतात काय. हनुमंताच्या अंगाचा तिळपापड झाला. भोंग्यातला आवाज गेला तर उरला कोण? नुसता रिक्षावाला.

"चलाखी कशी ते सांग की. तू जुना जानकार. मग ठरवू, तुझा आवाज का तिचा."

हनुमंतानं बाह्या सरसावल्या. "आधी रिकामा हंडा वाजीवलाय बघा. बायामानसांच्या काळजात तितंच धस्स हुतं. मग पोरगी म्हातारीचा आवाज काढून इचारती, 'लेकरा, पानी कवा येनार?' झाली ती समद्यांची आई! मग येक श्वास गप. मानूस कान टवकारतं, अन् तवा तुमचं नाव. कामाचं काय बोलनं न्हाई, इचार करायला सवड न्हाई. थेट रडवतीच की!"

बोलून त्याला लई बरं वाटलं. पोरीची पुरती सालटी काढली होती.

अण्णा हसले. "म्हंजी ऐकनारा सुटत न्हाई. माझं काय ठरंना हुतं बघ, तू पटवलंस. हीच फिरव."

झालं! 'भिकार हाय' एवढंच म्हणाला असता तर भागलं असतं. पण जाणकारी दाखवायची खाज नडली, आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

दुपारी रिक्षा निघाली. माईक मागच्या सीटवर पडलेला, भोंग्याला पेनड्राइव्ह. प्रत्येक चौकात त्या पोरीचा आवाज ऐकून हनुमंत जळत होता. शेवटी स्वतःची गल्ली आली. त्याची बायको लंकाबाई तीस वर्षांत त्याच्या आवाजाला कधी दाराबाहेर आली नव्हती. "मेलं रोजचंच," म्हणायची.

हंडा वाजला. लंकाबाई पिठाच्या हातांनीच उंबऱ्यात आली. म्हातारीनं पाण्याचं विचारलं तसा तिनं पदर डोळ्यांना लावला.

"कोन वो ही? किती जिवाला लागतंय!"

भोंगा बंद करायला हनुमंतानं हात पुढे नेला. मग तिला नीट ऐकू यावं म्हणून त्यानं रिक्षाचं इंजिन बंद केलं.