रंगारीण बाई आणि माझ्या टांगलेल्या खुर्च्या

मित्रांनो, मी एक जुना लोंबता रोलर कोस्टर आहे. लोंबता म्हणजे काय, ते आधी सांगतो. माझे इतर भाऊबंद रुळांवरून धावतात. माझे रूळ मात्र डोक्यावर आणि खुर्च्या त्यांच्याखाली टांगलेल्या. बसणाऱ्याचे पाय हवेत मोकळे सुटतात. म्हणून तर चपला फाटकाशीच काढून ठेवायचा नियम आहे. सुरुवातीला ज्यांनी तो पाळला नाही, त्यांच्या चपला शेजारच्या तळ्यातल्या बदकांना मिळाल्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे जाड नळ्या तापवून वाकवल्या गेल्या, ठिणग्या उडाल्या, आणि मग माझे तुकडे ट्रकवर लादून या बागेत आणले. उभा राहिलो, तेव्हा बागेतल्या झाडांहून उंच होतो. पहिल्याच सुट्टीत माझ्यासाठी एवढी रांग लागली, की तिचं शेपूट तिकीटखिडकीच्या पलीकडे गेलं. लोक घशाला कोरड पडेपर्यंत ओरडायचे आणि उतरल्यावर पुन्हा रांगेत उभे राहायचे. मग माझ्या डोक्यात हवा गेली नसती तरच नवल!

लोखंडाला रंग लागतो, नाहीतर गंज धरतो. दरवर्षी बाग बंद असायची तेव्हा मला रंगवायला एक बाई यायची. वयाने चाळिशीची, उंचीने मात्र दहा वर्षांच्या मुलीएवढी. माझ्या रुळांमधल्या फटी इतक्या अरुंद, की तिथे दुसरा कुणी रंगारी शिरूच शकत नसे. ती शिरायची. तिचा थोरला भाऊ खाली दोर धरून उभा असायचा. सगळे तिला चिमणी म्हणत.

ती काम करताना माझ्याशी बोलायची. "इथे कशाला खरवडून घेतलंस रे? थांब, जरा घासते. आता कसा नवऱ्या मुलासारखा दिसतोस!" तिचा हात लागला नाही असा माझ्या अंगावर बोटभरही भाग नव्हता.

पहिल्या वर्षी तिचं रंगकाम संपून बाग उघडली, तेव्हा ती तिकीट काढून आली. इस्त्रीचे कपडे, केसांना तेल. रांगेत भावाशी गप्पा मारत पुढे सरकत होती. फाटकाशी उंचीची खूण होती. फाटकवाल्याने तिला खुणेखाली उभं केलं, आणि ती खूण तिच्या डोक्याच्या वरच राहिली.

"ताई, नाही हो जमणार," तो हळूच म्हणाला. "खुर्चीचा सुरक्षेचा दांडा छातीवर नीट बसणार नाही. घसरून पडाल."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, बाळांची आगगाडी तिकडे आहे!"

सगळी रांग हसली. नेमका त्याच वेळी मी फेरी संपवून फलाटात शिरलो. थांबताना माझ्या ब्रेकमधून हवा सुटते. 'हिस्स् हिस्स्' असा आवाज होतो. कुणीतरी तोंडावर हात ठेवून हसावं, अगदी तसा. मित्रांनो, मी हसलो नव्हतो. पण आवाज माझाच होता, आणि तिने मान वर करून माझ्याकडेच पाहिलं.

"उंची कमी पडली, हौस नाही," ती फाटकवाल्याला म्हणाली आणि भावाचा हात धरून निघून गेली.

त्यानंतरही ती दरवर्षी रंगवायला आली. काम तितकंच चोख. पण माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. लाज कशाला म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. नवा रंग चढत होता आणि मला मात्र तोंड लपवावंसं वाटत होतं. लपवणार कुठे? सगळ्या गावातून मी दिसतो!

मग तो वाऱ्याचा दिवस आला. बाग चालू होती, आणि ती खाली तिकीटखिडकीची तेवढी जाळी रंगवत होती. माझ्यात माणसं थोडीच होती. समोरून वारा असा काही अंगावर आला, की मला पुढचा चढ चढवेना. मी मागे आलो, पुन्हा पुढे गेलो आणि दोन चढांच्या मधोमध, उंचावरच थांबलो. माणसं खुर्च्यांत लोंबकळत राहिली. ज्यांनी विश्वासाने जीव माझ्या हाती दिला, त्यांना मी खुंटीवरच्या सदऱ्यांसारखं टांगून ठेवलं होतं. खाली गर्दी जमली. मेकॅनिकने अग्निशमनाच्या शिडीच्या गाडीला फोन केला.

शेवटच्या खुर्चीत एक काटकुळे आजोबा होते, शेजारी त्यांची नात. आजोबा दांड्याखालून अंग काढू लागले.

"आजोबा, नका ना असं करू!" नात रडायला लागली.

मेकॅनिक धापा टाकत दुरुस्तीच्या जिन्याने वर आला, पण रुळांच्या फटीतून त्याचे खांदे आत जाईनात. "दादा, दोर धर!" खालून आवाज आला, आणि चिमणी कमरेला रंगकामाचे पट्टे आवळून भराभर वर चढली. फटीत पालथी सरकून तिने आजोबांची कॉलर धरली. कमरेचा जादा पट्टा सोडून त्यांच्या काखेतून घातला आणि माझ्या रुळाला अडकवला.

"कुठे निघालात, आजोबा?"

"मला खाली जाऊ दे, पोरी." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "पँट ओली झालीय माझी. खाली सगळे बघतायत. नातीसमोर... मेलो तरी चालेल."

मग तिने कमरेची पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सगळीच्या सगळी त्यांच्या मांडीवर ओतली. थोडं पाणी नातीवरही उडालं.

"अगं बाई! सांडलं की!" खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली. "माझा हातच मेला धांदरट! आजोबांना पार भिजवलं हो मी!"

नात रडता रडता हसली. आजोबांनी डोळे मिटले आणि सुटकेचा निःश्वास सोडला. शिडीची गाडी येईपर्यंत चिमणी पोटावर पडून त्यांची कॉलर धरून होती. उतरल्यावर आजोबांची भिजलेली पँट पाहून लोक म्हणाले, "त्या बाईने पाणी सांडलं ना!"

मित्रांनो, दुसऱ्याची लाज अशी झाकायची असते. हे मला तिने शिकवलं, आणि माझी मान आणखी खाली गेली.

संध्याकाळी मॅनेजर म्हणाले, "बाई, आज तुम्हाला एक फेरी. नियम ठेवा बाजूला."

"नियम माझ्या जिवासाठीच आहे, साहेब. दांडा बसत नाही तर नाही." मग तिने माझ्या खुर्च्यांकडे पाहिलं. "पण नुसतं टेकू का?"

मी फलाटात बंद उभा होतो. ती पहिल्या खुर्चीत बसली. पाय हवेत हलवले.

"ओरड की जरा!" भाऊ म्हणाला.

"आईईई!" ती बारीक आवाजात ओरडली आणि दोघं खूप वेळ हसत राहिली.

मग ती उठली. कामाच्या कपड्यांचा रंग खुर्चीला लागला असेल, म्हणून तिने फडक्याने खुर्ची पुसली. परक्याच्या घरून उठताना माणूस पुसतो तशी, घाईघाईने. जिच्या हातांनी माझं अंग अन् अंग जपलं, तिला माझ्यात आपली अशी जागा नव्हती.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल द्या, रंग द्या, ते हवंच. पण फाटकाशी कुणाला मागे फिरवलं, तर हसू नका. जरा बाजूला सरका आणि त्या माणसाला सन्मानाने जाऊ द्या.