ओंडक्याखालचे अकरा महिने

बालीगंजमध्ये आमच्या बँक क्वार्टर्समागे जुन्या झाडांचं रान आहे. त्यातला कुजका ओंडका रविवारी सकाळी जागेवर नव्हता. पालापाचोळाही नव्हता. जमिनीवर ब्लीचिंग पावडर पसरली होती.

त्या ओंडक्याखाली राखाडी, चौदा पायांचे किडे राहत. हात लावला की गोळी होणारे. माझी नात सायली त्यांच्यावर एम.एस्सी.चा अभ्यास करते. तिला सलग वर्षाची नोंद हवी. ती बराकपूरला होस्टेलात, म्हणून दर रविवारी मीच मोजून वहीत लिहायची. पावसात ते पानांवर येतात. आषाढात माद्यांच्या पोटाखाली अंड्यांची पिशवी दिसते. थंडीत ओंडक्याच्या भुशात शिरतात आणि वैशाखात वीतभर उकरल्याशिवाय एक दिसत नाही. अकरा महिने झाले होते. भाद्रपद तेवढा उरला होता.

जावई चंद्रकांतराव इथल्या मराठी मंडळाचे सचिव. चिखलाच्या पायांनी मी तशीच त्यांच्यासमोर गेले.

"रान कुणी साफ केलं?"

"मीच करवून घेतलं, आई. परवा गणपती बसतोय. आरतीला दोनशे माणसं, त्यात डेंग्यूचे दिवस."

"डास पाण्यात होतात. लाकडाखाली नाही."

"अहो, किडेच ते!"

"तुमच्या लेकीचं वर्ष आहे ते."

ते हसले. "मग गेल्या महिन्याचे आकडे थोडे इकडेतिकडे करून लिहा. कोण तपासायला येतंय?"

माझं डोकंच फिरलं. साठाव्या वर्षी अक्षरं गिरवली, ती काय ह्यासाठी?

"बँकेत असंच करता का हो?"

त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"उठा. मेलेले तुम्ही मोजा, मी लिहिते."

इस्त्रीच्या पायजम्यात ते रानात, त्या पावडरीपाशी उकिडवे बसले. मोजताना एकदा चुकले, मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. मग लिहिलं: 'भाद्रपद, पहिला रविवार. मेलेले त्रेसष्ट, जिवंत एकही नाही. ओंडका हलवला आणि पावडर टाकली चंद्रकांतरावांनी.'

"माझं नाव कशाला, आई?"

"मग कुणाचं लिहू? आता सायलीला फोन लावा. मी लावणार नाही."

त्यांनी लावला. ते बोलायच्या आधीच तिचा आवाज आला, "बाबा, आजी मोजून आली का? आज किती निघाले?"

चंद्रकांतरावांनी फोन माझ्यापुढे धरला. मी वही मिटली आणि त्यांना म्हटलं, "सांगा."