सोमवारचं पुरळ

आरोहीच्या ओठांभोवती चौथ्यांदा लाल पुरळ आलं, तेव्हा लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या वारी येतं, किती वाजता, त्याआधी काय खाल्लेलं असतं? एवढं शोधून आणा. आणि ओठ सुजले, धाप लागली, तर शोधत बसू नका, तसंच उचलून आणा."

ते शेवटचं वाक्य मी माकणीला घरी येईपर्यंत मनात घोळवत आले. दहा महिन्यांचं लेकरू, त्याला धाप लागलेली ओळखायची कशी?

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मात्र माझ्याकडं असायला हवी होती. मी बीसीए झालेय. आरोही झाल्यावर तिच्यासाठी एक लहानसं अ‍ॅप स्वतःच लिहिलं होतं. दूध, खाणं, झोप, ताप, पुरळ, सगळं त्यात. आमचं घर धरणाच्या बाजूला, तिथं रेंज येते-जाते, म्हणून नोंदी फोनमध्येच साठतात. माझा नवरा रणधीर म्हणतो, "लोकं लेकराचे फोटो काढतात, तू जनगणना करतीस."

घरी आल्या आल्या सासूबाईंना विचारलं, हिला वेगळं काही खायला दिलं का? न्हाय म्हणाल्या. मग अ‍ॅपला विचारलं, पुरळ कोणत्या तारखांना? चार तारखा आल्या. चारही सोमवार.

खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं. काहीतरी हाती लागलं होतं. सोमवारी वेगळं काय असतं? मी रोजच शाळेत कॉम्प्युटर शिकवायला जाते. सोमवारी दुपारी सासूबाईही बचत गटात पापड लाटायला जातात. तेवढा वेळ आरोही शेजारच्या भुवनेश्वरीकाकूंकडं असते.

"काकू, हिला तुमच्याकडं काय काय भरवता?" मी कुंपणापाशी जाऊन विचारलं.

"तू डब्यात देतीस ती पेज. दुसरं काय?"

"नक्की?"

काकूंचा झाडू थांबला. "नक्की म्हंजे?"

पुढच्या सोमवारी रजा टाकली आणि आरोहीला घरीच ठेवलं. दिवसभर पुरळ नाही. जिंकल्यासारखी झोपले.

मंगळवारी पहाटे सासूबाईंनी तिला दूध पाजायला माझ्याजवळ आणून दिलं. ओठांभोवती पुरळ होतं.

धाप नव्हती, सूज नव्हती, दोनदा पाहिलं. एका हातानं नोंद टाकली आणि यादी उघडली. पाच तारखा. पाचवीही सोमवारचीच.

पण आज तर मंगळवार होता.

मी ती नोंद जशी साठली होती तशी उघडून पाहिली. वेळ होती रात्रीचे अकरा वीस. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. मी बोटांवर मोजलं. साडेपाच तासांचा फरक. अ‍ॅप वेळ साठवताना ग्रीनिचची साठवत होतं, आणि दाखवताना ती आपली करायची मी विसरले होते. यादीत फक्त तारीख दिसायची. दिवसाच्या नोंदींची तारीख बरोबरच यायची, त्यामुळं कधी लक्षात आलं नाही. साडेपाचच्या आधीची पहाट तेवढी आदल्या दिवसात जाऊन बसत होती. म्हणजे पाचही वेळा मंगळवारच होता. आणि पहाटे उठल्यावर आज वार कोणता, हे मला कुठं ठाऊक असतं? सोमवारी पहाटे आलेलं पुरळ दुपारच्या काकूंमुळं कसं येईल, हेही सुचलं नव्हतं.

मंगळवारी पहाटे लेक कुणाजवळ असते? मला तेवढीच झोप मिळावी म्हणून सासूबाई तिला साडेचारला उचलून नेतात. त्यांना मी आत्या म्हणते.

"आत्या, आज हिला काही दिलं का तुम्ही?"

"काय न्हाय की."

"थोडंसुद्धा?"

"म्या कशाला देऊ? देवीचं तीर्थ तेवढं. पळीभर. मंगळवारचं देतेच की."

"कशाचं असतं ते?"

"पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर."

"मग मागं मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू खाणं इचारलंस. तीर्थ काय खाणं हाय व्हय?"

माझ्या अ‍ॅपमध्येही तीर्थाला जागा कुठं होती?

आत्यांना घेऊन लोहाऱ्याला गेले. डॉक्टर म्हणाले, गाईच्या दुधाचा संशय आहे, तपासून बघू. मध तर वर्षाच्या आत द्यायचाच नाही. आत्यांनी मान हलवली. घरी येताना गाडीत म्हणाल्या, "गुटीबी लिही तुझ्या त्याच्यात. आन् अंगाऱ्याचं बोट चाटवते कवा कवा, ते बी."

त्यानंतरच्या मंगळवारी त्यांनी तीर्थाचं बोट नुसतं तिच्या कपाळाला लावलं. पहाटे पुरळ नाही, संध्याकाळी नाही. अ‍ॅपची वेळ दुरुस्त केली होती, तरी मी घड्याळ बघूनच नोंद टाकली.

त्यापुढच्या सोमवारी पेजेचा डबा आणि आरोहीला घेऊन भुवनेश्वरीकाकूंच्या दारात गेले. सगळं सांगितलं, अगदी त्यांच्यावर संशय घेतला होता तेही.

"म्हंजे चूक तुझ्या फोनची?"

"माझी, काकू."

त्यांनी हात पुढं केले तसं आरोहीनं स्वतःच अंग टाकलं. डबा उघडून वास घेत काकू म्हणाल्या, "ठेवून चाललीस ना? नक्की?"