दुधाशेजारची बाटली

लॅब दुपारनंतर उघडणार म्हणून प्रीतीने सासऱ्यांच्या, कडूबांच्या, लघवीची बाटली पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली आणि ती शाळेत शिकवायला गेली. संध्याकाळी कडूबांनीच ती लॅबमध्ये पोचवली. रिपोर्टात जंतूच जंतू निघाले.

"ताप नाही, जळजळ नाही. नमुना गरमीत राहिला असेल, त्यानेही जंतू वाढतात. नवा द्या," डॉक्टर म्हणाले.

घरी कडूबा कबूल झाले, "दुधाशेजारी कशी ठिवू? काढून खिडकीत ठिवली दिवसभर."

"मंग मला सांगायचं न्हाई का, मामा?"

दुसऱ्या दिवशी प्रीतीने रजा टाकून त्यांना स्कूटीवरून थेट मस्तगडच्या लॅबमध्ये नेलं. कडूबा रिकामी बाटली हातात घेऊन बराच वेळ बाकावर बसले.

"आता येऊनच न्हाई राह्यली," ते म्हणाले.

प्रीतीने कपाळाला हात लावला आणि पाणी आणायला उठली.