पाटाची साक्ष

सावळेरामाचे दिवस उरकतात न उरकतात तोच धाकट्या भावानं, रखमाजीनं, तलाठ्याकडं हरकत घातली. लंकाबाई म्हणे त्याच्या भावाची लग्नाची बायकोच नव्हे, नुसती घरात ठेवलेली बाई. तिच्या नावावर विहिरीचं रान चढवू नये.

पहिला नवरा गेल्यावर लंकाबाई पाट लावून, म्हणजे दुसरं लग्न करून, सावळेरामाच्या घरात आली होती. त्या रानातले दगड वेचता वेचता तिची उभी जवानी सरली. पोटी लेकरू नव्हतं. रान गेलं तर डोक्यावर आभाळ तेवढं उरणार होतं. आणि 'ठेवलेली' हा शब्द तर तिच्या काळजात कुसळासारखा रुतून बसला होता.

चौकशीला मंडळ अधिकारी चावडीत आले. रखमाजी कडक इस्त्रीची टोपी घालून पुढं बसला.

"साहेब, लग्न म्हणलं की मांडव आला, वाजंत्री आली. हिच्यावर अक्षता टाकलेली एक तरी सवाशीण गावात दावा. माझ्या बायकोलाच इचारा की! एकाच घरात राहतीया."

लंकाबाईला ठाऊक होतं, गावातली कुठलीच सवाशीण 'पाहिलं' म्हणणार नव्हती.

रखमाजीची बायको इंद्रायणी पदर सावरत उभी राहिली.

"तुम्ही यांचं लग्न पाहिलं?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई, साहेब."

रखमाजीनं मिशीवरून हात फिरवला.

"घरात असून?"

"घरात व्हते म्हणून तर! सासूबाईंनी समद्या सवाशिणी मागल्या खोलीत कोंडल्या अन् भायेरनं कडी घातली. पाट लागताना सवाशिणीनं बघायचं नसतंय. मला मेलीला नेमकी शिंक आली, तर चुलतसासूनं माझं नाकतोंडच दाबलं!"

चावडी खदखदून हसली.

"कुणाचा पाट?"

"कुणाचा म्हंजी? थोरल्या भावजींचा अन् ह्या जाऊबाईंचा!"

"अगं ए भवाने," रखमाजी ओरडला, "तुला शिकवून काय आणलंय?"

"बघितलं न्हाई म्हणायला. म्हणलं की मी!"

साहेबांनी हसू आवरलं. "मग पाहिलं कुणी?"

आता लंकाबाई पुढं झाली. "नवरा गेलेल्या बायांनी, साहेब. तिथं त्यांचाच मान."

दाराशी बसलेली म्हातारी कोंडाबाई काठी टेकत आत आली. "ह्या हातांनी गाठ मारलीया म्या. त्याच्या उपरण्याची अन् हिच्या लुगड्याची. आता कोण म्हणतंय, बायको न्हाई?"

रीतीनं लागलेला पाट म्हणजे लग्नच, असं सांगून साहेबांनी हरकत फेटाळली. वारस : लंकाबाई, पत्नी.

चावडीच्या पायरीवरच कोंडाबाईनं सूर धरला :

"माळाच्या रानामंदी कोण पेरिते बाजरी,
सावळेराम गेला बाई, धनीण त्याची हाजरी."

लंकाबाई घरी गेलीच नाही, थेट रानात गेली. हरकत घातल्यापासून रखमाजीची गुरं तिथं खुशाल चरत होती. तिनं पदर खोचला, ढेकूळ उचललं आणि साऱ्या पठाराला ऐकू जाईल अशी हाळी दिली :

"हैऽऽक! कुनाची रं ही ढोरं माझ्या रानात?"