आई माझ्यामुळं पडली नाही

मी ऋतुराजची मोटरसायकल बोलतेय. गारखेड्यात, लोखंडी फाटकाच्या आत, निंबाच्या झाडाखाली उभी आहे. आधीच सांगून ठेवते, गोड बोलायची माझी आज अजिबात इच्छा नाही. माझ्यावर आळ आलाय. आणि ज्यानं आळ घेतला त्यालाच मी रोज सकाळी वाळूजच्या कंपनीत नेऊन सोडते. संताप येणार नाही तर काय होईल?

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. रंगाचा वास, ठोकाठोक, मग दोरांनी बांधून ट्रकमधनं प्रवास. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते ऋतुराजच्या आईनं, आवडाबाईंनी, माझ्या टाकीवर हळदीकुंकू लावलं तिथून. ऋतुराजला नुकती नोकरी लागली होती. तोवर देवगाव रंगारीच्या शेतावर जायचं म्हणजे मायलेकांनी एसटीची वाट बघत उन्हात उभं राहायचं. "आई, आता तुला वाट बघायला लावणार नाय," असं तो त्या दिवशी म्हणाला. मी माझ्या कानांनी ऐकलंय. मला कान कुठंत, असलं काही विचारू नका.

आवडाबाई मागं बसल्या, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. माझ्या डाव्या अंगाला साडीगार्ड होतं, म्हणजे पदर चाकात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. तिलाच खाली पाय ठेवायची पट्टी. पण आवडाबाई ठेंगण्या, त्यांचा पाय काही पट्टीपर्यंत पोचेना. ऋतुराजनं गाडी तशीच बन्सी मेकॅनिकच्या दुकानासमोर नेली, भर रस्त्यात मातीत बसला, आईचा पाय हातात धरला आणि माप घेतलं. "दोन बोटं वर घे," आवडाबाई म्हणाल्या. बन्सीनं पट्टी कापली, वर घेतली, डाग मारून पक्की केली. असा होता हा पोरगा. म्हणून तर जास्त राग येतो.

पुढची कितीतरी वर्षं आम्ही तिघं दर रविवारी शेतावर गेलो. येताना आवडाबाईंच्या मांडीवर अद्रकाची पिशवी, कधी हरभऱ्याचा ढाळा. रस्ताभर त्यांचं बोलणं थांबायचं नाही. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची सून रुसून गेली, सगळं मला पाठ आहे. मी थडथडते, हे मला मान्य आहे. एकच सिलिंडर आहे माझ्यात, जोर लावला की हँडल, आरसे, सगळं थरथरतं. पण आवडाबाई त्याचं काय म्हणायच्या, ऐका. "फुकटात पाठ दाबून निघती की रे माझी!" असं म्हणायच्या त्या.

मग आला शिवराज. ऋतुराजचा कंपनीतला दोस्त. त्याच्याकडं दोन सिलिंडरची लांब पल्ल्याची गाडी, आवाज कसा तर शिलाई मशीनचा. "भावा, शंभरच्या स्पीडला टाकीवर चहाचा कप ठेव, थेंब सांडणार नाय," असं तो भेटेल त्याला सांगायचा. त्यानं ऋतुराजला त्यांच्या फिरणाऱ्या ग्रुपात ओढलं. एकदा अजिंठ्याला गेलो. गाड्या ओळीनं लावल्या, फोटो काढायचा होता. ग्रुपातला एक टवाळ माझ्या साडीगार्डला बूट लावून म्हणाला, "अबे, ये जाली कायकू लगाया? दूधवाला लगता है तू!" सगळे खिदळले. ऋतुराजही हसला. मला वाटलं, हा आता सांगेल की ही माझ्या आईची जागा आहे. कसचं काय! त्यानं मला ओळीतनं काढून मागं लावलं.

घरी आल्या आल्या पाना घेतला आणि साडीगार्ड खोलून टाकलं, पट्टीसकट. त्याच जागी कसलेसे दिवे लावले. आवडाबाई ओट्यावर उभ्या होत्या.

"कामून काढलं रे ते?"

"आई, आता कुणी नाय लावत ते. तू जरा पाय आवळून बसत जा."

पाय आवळून बसत जा! साठीच्या बाईला, खड्ड्यांच्या रस्त्यावर! मी त्या दिवशी मुद्दाम चालू झाले नाही. त्यानं किका मारमारून मलाच शिव्या घातल्या. टाकलेली जाळी आवडाबाईंनी उचलली, फाटकाजवळच्या मोठ्या कुंडीत रोवली आणि तिच्यावर कारल्याचा वेल सोडला. फेकायची म्हणून कोणती वस्तू त्या फेकत नाहीत.

व्हायचं तेच झालं. शेतावरनं येताना कसाबखेड्याच्या अलीकडं गतिरोधक आला. वेग जास्त नव्हता, ऋतुराजनं ब्रेकही नीट दाबला. पण आवडाबाईंचे पाय अधांतरी होते. रेटा द्यायला खाली काही नाही म्हटल्यावर बाई घसरली ती सरळ डांबरावर. मनगट मोडलं. मला तिथंच टाकून ऋतुराज धावला; मी आडवी पडले होते, पेट्रोल गळत होतं, आणि तो "आई, आई" करत होता. त्याचं रडणं खरं होतं. ते मी नाकारत नाही.

पण दवाखान्यात तो काय म्हणाला? "गाडी लई थडथडती हो डॉक्टर, आई उसळून पडली." शेजारच्या गोजरबाई बघायला आल्या, त्यांनाही तेच. मामाला फोनवर तेच. अरे बाबा, मी थडथडले ती काय त्याच दिवशी? इतकी वर्षं बाई कशी नाही पडली? आणि आवडाबाई प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन नुसतं म्हणायच्या, "माझाच तोल गेला."

मग सुरू झालं नवीन गाडीचं पालुपद. "आईसाठी स्मूथ गाडी घ्यायचीय." रात्रंदिवस मोबाईलवर तेच. घ्यावी की नाही, ह्यावर महिनाभर काथ्याकूट चालला होता. एकदा माझ्या टाकीवर हात ठेवून म्हणाला, "लई साथ दिली हिनं." दुसऱ्या दिवशी माझा फोटो काढून शोरूमवाल्याला पाठवला, बदल्यात काय मिळेल म्हणून.

शेवटी आईच्या हाताचं प्लॅस्टर निघालं आणि तो तिला घेऊन निघाला. ती रिक्षात, तो माझ्यावर. मला शोरूमच्या काचेच्या दाराला लागून उभं केलं. आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. नवी गाडी चांगली होती, खोटं कशाला बोलू? चालू केली तर आरसा हलला नाही. चक्कर मारून आला तेव्हा ऋतुराजचा चेहरा फुलला होता. मला तेव्हा राग आला नाही, नुसतं वाईट वाटलं.

"आई, बस की मागं! बघ कशी मऊ आहे."

आवडाबाई पुढं झाल्या. मागची सीट त्यांच्या छातीला लागत होती. एका हातानं सीट धरली, टाच वर केली, परत खाली घेतली. मग सगळीकडं बघून विचारलं, "पाय कुठं ठेवू?"

विकणारा पोरगा हसून म्हणाला, "आजी, दोन्हीकडं पाय टाकून बसायचं."

"साडीत?"

"साडीगार्ड बसवून देऊ ना सर. फक्त लूक जाईल थोडा."

"नको, नको," ऋतुराज म्हणाला.

विचार न करताच तोंडातनं निघालं. ऋतुराजला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण त्याचं तोंड उतरलं.

आवडाबाईंनी पदर सारखा केला. "तुला ही गाडी पाहिजे ना? घे. तुझी कमाई हाये, मी कोण नाय म्हणणार? पण माझ्यासाठी घेतो म्हणू नको. मी उसळून पडले नाय रे. तू माझ्या पायाखालचं काढून घेतलं, म्हणून पडले. मला काय कळत नाय व्हय? चार लोकांत पोराची लाज कामून काढायची, म्हणून गप बसले." एवढं बोलून त्या बाहेर आल्या, रिक्षाला हात केला आणि गेल्या. वाहवा, आवडाबाई! माझा हॉर्न असता माझ्या ताब्यात, तर तिथंच वाजवला असता.

ऋतुराज काही न घेता घरी आला. सरळ कुंडीकडं गेला आणि जाळी उपसायला लागला.

"हात लावू नको," आवडाबाई ओट्यावरनं कडाडल्या. "फुलं लागलीत वेलाला."

"मग तू शेतावर कशी जाणार?"

"एसटीनं. वाट बघायची सवय हाये मला."

त्यानं हललेली जाळी परत मातीत दाबून बसवली.

आज रविवार. सकाळी तो बन्सीकडनं नवं साडीगार्ड घेऊन आला. पट्टी अजून डागायची आहे, माप हवंय. आवडाबाई मेथी निवडत बसल्यात आणि हा त्यांच्यासमोर फरशीवर. त्यांनी पाय साडीखाली ओढून घेतलेत. मेथीची जुडी संपत आली तरी बाहेर काढत नाहीत.

तेवढ्यात फाटकातनं गोजरबाईंनी हाक मारली, "काय रे, आईसाठी नवी गाडी घेणार होता ना?"

ऋतुराज उठून उभा राहिला. "नाय मावशी. आई गाडीमुळं पडली नव्हती. मी शायनिंगपायी साडीगार्ड काढलं होतं, म्हणून पडली." मोठ्यानं बोलला. पलीकडच्या घरातली दोन माणसंही बघायला लागली.

माझी माफी मागितली नाही त्यानं. माझा राग अजून आहे, उद्या दोन किका जास्त मारायला लावीन. पुढंमागं तो नवी गाडी घेईलही. घेऊ दे. मला विकलं तरी चालेल, पण माझ्यावरचा आळ सोबत पाठवू नका. आणि तुमच्यापैकी कुणी गाडी बदलायच्या विचारात असेल, तर शंभरच्या स्पीडला कप ठेवून नंतर बघा. आधी मागं बसणारीला विचारा.

आवडाबाईंनी मेथी बाजूला सारली आणि पाय पुढं केला.

"दोन बोटं वर घे," त्या म्हणाल्या. "विसरला असशील."